गोरग्याच्या चाकूला लावलेली धार

हा प्रवास लिहावा की नाही, या विचारात माझी आठ वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात मी त्या गावी पुन्हा एकदा जाऊन आलो आणि आता वाटतं, लिहून टाकलेलं बरं. ज्यांना फक्त गंमत वाचायची आहे त्यांनी आलापल्लीपर्यंत वाचावं आणि थांबावं. पुढे माझीच शोभा आहे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी राजुऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. एका मासिकात वाचलं, की फ्रान्समध्ये लोक सायकलीवरून द्राक्षांच्या मळ्यांमधून हिंडतात, जागोजागी उतरून वाइन चाखतात, ती कशी करतात ते पाहतात आणि मग पुढच्या मळ्याकडे निघतात. मला ही कल्पना फार आवडली. संध्याकाळी मी ती वामनला ऐकवली. वामन माझा शाळासोबती, कोरपन्याकडे त्याची कापूस-सोयाबीनची शेती. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सायकलनं दारू पियाले फ्रान्सले काऊन जा लागते? आपल्या इथी का कमी आहे?"

खरंच कमी नव्हती. मोहाची आहे, सिंदीची आहे, सिरोंच्याकडे ताडी आहे, आणि भामरागडच्या जंगलात गोरगा आहे. गोरगा म्हणजे माडाच्या जातीचं एक उंच झाड. त्याच्या फुलोऱ्याच्या दांड्याचं टोक कापलं की रस ठिबकतो, आणि त्या रसालाही गोरगाच म्हणतात. सायकली आमच्याकडे होत्याच. उणीव होती ती वाटेत सायकल दुरुस्त करणाऱ्याची.

म्हणून सलीमभाईंना विचारलं. सलीमभाईंचं राजुऱ्याच्या मुख्य रस्त्यावर टिनाच्या शेडमध्ये सायकलींचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी मात्र ते दुकान बंद ठेवून धार लावायला जायचे. सायकलच्या मागच्या भागावर सहाणेचं चाक बसवलेलं, सायकल स्टँडवर चढवायची आणि पायडल मारत कोयते, विळे, अडकित्ते त्या चाकाला लावायचे. जिवतीच्या डोंगरापासून गडचांदूरपर्यंत बायका त्यांची वाट बघत. माणूस पाच वेळा नमाज पढणारा, दारूच्या थेंबालाही न शिवणारा. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "तुमी प्या, मी सायकली सांभाळतो. तिघांत एक तरी शुद्धीत पायजे ना, सर." मात्र त्यांची एक अट होती. कोणाच्या घरी फुकटचं प्यायचं नाही. जिथं आम्ही पिऊ, त्या घरच्या साऱ्या हत्यारांना ते धार लावून देणार.

गोंडपिपरीच्या पुढे

पहिला दिवस कोळशाच्या ट्रकांना वाट देण्यात गेला. बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी मागे पडलं तेव्हा आमच्या चेहऱ्यांत आणि टायरमध्ये रंगाचा फरक उरला नव्हता. वामनच्या ओळखीनं आम्ही एका नाल्याकाठी पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथं जे चाललं होतं ते आजही चालत असेल.

भट्टी सकूबाईंची होती. खाली मोठ्या मडक्यात भिजून आंबलेली मोहफुलं, त्यावर दुसरं मडकं, सांधे चिखलानं लिंपलेले, आणि सगळ्यात वर गार पाण्याचं भांडं. ते पाणी तापलं की काढून दुसरं ओतायचं. किती वेळा पाणी बदललं यावरून मोहाचा दम ठरतो. मला राहवेना. मी तिथंच बसून वाफ, थंडावा, उत्कलनबिंदू असा नववीचा अख्खा धडा घेतला. सकूबाईंनी लाकूड सरकवत सगळं ऐकलं आणि विचारलं, "सर, तुमी भट्टी लावली का कदी?"

नाही म्हणालो. त्या वरचं तापलेलं पाणी बदलायला उठल्या. वामन मात्र पुढचे दोन दिवस, ऊन का तापतं इथपासून म्हैस का बसते इथपर्यंत, प्रत्येक गोष्टीचं शास्त्रीय कारण मला विचारत राहिला.

मोह गरम असतानाच द्रोणात मिळाला. पहिल्या घोटाला नाकात फुलांचा उग्र वास आणि छातीत जाळ. सोबत जवसाची चटणी आणि भाजलेले वाटाणे. सलीमभाईंनी काळा चहा घेतला, सकूबाईंच्या तीन विळ्यांना आणि एका कुऱ्हाडीला धार लावली. निघताना वामननं ऐटीत सायकलवर टांग मारली आणि तो सरळ नाल्यात गेला. पुढचं चाक जिलेबीसारखं झालं. सलीमभाईंनी ते एकेक तार आवळत, डोळ्यासमोर फिरवत, तासाभरात सरळ केलं. वामनवर ते रागावलेही नाहीत. "चाक सरळ होते. मानूस झाला पायजे," एवढंच म्हणाले.

आलापल्ली

आष्टीचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो आणि कागदोपत्री दारूबंदीही लागते. तिथून पुढे सागाचं जंगल दाट होत गेलं. आमच्याकडे राजुऱ्यात उन्हाळा पौषातच दार ठोठावतो, इथं सकाळी दहापर्यंत हँडल हाताला गार लागत होतं. वाटेत एका घरी सिंदीचा रस मिळाला. पहाटेचा प्यायचा तो आम्ही दुपारी प्यालो, आणि त्याचा जाब वामनच्या पोटानं रात्रभर दिला. आलापल्लीला एक दिवस त्याच्या पोटापायी मोडला. सलीमभाई त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजत होते, मी वहीत टिपणं काढत होतो. त्या वहीत मी प्रत्येक ठिकाणच्या पेयाला दहापैकी गुण दिले होते. मास्तरकीची सवय, दुसरं काय.

पेरमिलीच्या पुढे

गोरग्याच्या गावी आम्हाला नेणारा चैतू. दोन हंगामांपूर्वी तो कापूस वेचायला वामनच्या शेतात आला होता आणि जाताना सांगून गेला होता, की एकदा आमच्याकडचा गोरगा प्यायला या. तो माडिया गोंड, आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेला, त्यामुळे मराठी बोलायचा. त्याच्या वडिलांना मराठी जेमतेम चार शब्द येत. त्यांचं नाव मासा. वय साठीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण झाडावर चढताना पाय चाचपडत नसत.

बारा घरांचं गाव. प्रत्येक अंगण शेणानं सारवलेलं, कुडाचं कुंपण. गावाबाहेर उभ्या दगडांची एक रांग होती. चैतू म्हणाला, आमच्यातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं दगड उभा करतात. आमच्या घरात गेलेल्या माणसाचा फोटो खिळ्याला लटकतो, हार सुकला की नवा घालायचा. इथं माणूस गावच्या वेशीवर उभा राहतो. त्या रांगेच्या शेवटी एक दगड आडवा पडलेला होता. तो मासाच्या बायकोचा. ती मागच्या पावसाळ्यात गेली होती, आणि चारच दिवसांनी तो दगड उभा करायचा होता. आठ गावांतले नातेवाईक येणार होते.

त्या दिवशीचा रस मासाच्या दारच्या गोरग्याचाच लागणार होता. ते झाड तिनं लग्न होऊन येताना माहेराहून रोप म्हणून आणलेलं. बारा-पंधरा वर्षं वाढलं, मग रस द्यायला लागलं. मासाचं म्हणणं असं, की दगड उभा झाला की पहिली धार तिच्याच झाडाच्या रसाची पडली पाहिजे. दुसऱ्याच्या झाडाची चालणार नाही. तोवर ती आपल्या पूर्वजांत जाऊन बसत नाही, अधांतरी राहते. चैतूनं हे सांगितलं तेव्हा मासा शेजारी बसून बांबूची पट्टी तासत होता आणि मान हलवत होता.

गोरगा आम्ही सकाळी प्यालो. ताजा असताना तो शहाळ्याच्या पाण्यासारखा, जिभेवर किंचित चुणचुणणारा. दुपारनंतर आंबट होतो आणि संध्याकाळी डोक्यात जातो. प्यायच्या आधी पानाच्या द्रोणातले दोन थेंब जमिनीवर सोडायचे. घरची सून, सासरा, पाहुणे, सगळे एकत्र बसून प्याले. कोणी लपलं नाही, कोणी झिंगलं नाही. आमच्याकडे माणूस पितो तेव्हा आधी दार लावतो आणि नंतर बायकोवर हात उगारतो. इथं दोन द्रोण घेऊन सून उठली आणि भात कांडायला लागली. मी वहीत गोरग्याला दहापैकी दहा दिले.

जेवणात कुटकीचा भात, लाल मुंग्यांची चटणी आणि नदीतले मासे. हलाल न केलेली कोंबडी सलीमभाईंना चालणार नाही हे चैतूच्या बायकोला न सांगताच कळलं. तिनं त्यांच्यापुरते मासे वेगळे भाजले. सलीमभाईंनी मुंग्यांची चटणी बोटाच्या टोकावर घेऊन चाखली आणि पुन्हा मागितली.

रस काढायची पद्धत मी बारकाईनं पाहिली. खोडाला बांबूची एकदांडी शिडी बांधलेली. वर फुलोऱ्याच्या दांड्याखाली गाडगं टांगलेलं. मासा पहाटे आणि संध्याकाळी वर जायचा आणि दांड्याच्या टोकाचा पापुद्रा काढायचा, कांद्याच्या सालीइतका पातळ. पापुद्रा निघाला की रस सुटतो. काप जाड पडला तर दांडा आटतो, आणि पुढचा दांडा यायला वर्ष लागतं. त्यासाठी एक वेगळा चाकू होता, वाकडा, वीतभर पात्याचा. दारावरच्या छपरात बांबूच्या नळीत खोचून ठेवलेला. चैतूनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की त्या चाकूला बाबाशिवाय कोणी हात लावत नाही. मी ते नीट ऐकलं होतं आणि वहीत उतरवूनही घेतलं होतं.

माझा शहाणपणा

दुसऱ्या दिवशी दुपारी मासा शेजारच्या गावी आमंत्रण द्यायला गेला. चैतू लाकडं आणायला गेला होता. सलीमभाईंनी अंगणात सायकल स्टँडवर चढवली आणि गावातलं प्रत्येक पातं त्यांच्यापुढे आलं. ठिणग्या उडाल्या की बायका हसत होत्या. कुऱ्हाडी झाल्या, विळे झाले, भाजी चिरायच्या पावश्या झाल्या.

मला वाटलं, ज्याच्या घरी आपण राहतोय, ज्याचा गोरगा पितोय, त्याच्याच चाकूला धार नाही हे बरं दिसत नाही. मी छपरातून नळी काढली. पातं पाहिलं तर एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूनं उतरतं. मी ताबडतोब निदान केलं. वर्षानुवर्षं एकाच अंगानं घासल्यामुळे झिजलाय. मी तो सलीमभाईंपुढे धरला.

त्यांनी पायडल थांबवलं. "सर, पहिले त्याले इचारून घ्या. हत्यार दुसऱ्याचं आहे. असं एकांगी पातं कोनी उगीच नाई ठेवत."

मी म्हणालो, विचारलं तर तो संकोचानं नाही म्हणेल. आल्यावर त्याला आश्चर्य वाटू द्या. तरी ते चाकू घेईनात. तेव्हा मी हसत हसत म्हणालो, की सलीमभाई, लोखंडाचं शास्त्र मी शिकवतो, तुम्ही चाक फिरवा. आपापली पाती घेऊन परतणाऱ्या बायकांना मराठी कळत नव्हती, माझ्या हातातलं पातं कोणतं हेही कुंपणापलीकडून दिसलं नाही, पण मी काहीतरी मोठं बोललो हे कळून त्याही हसल्या. सलीमभाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चाकू घेतला. दोन्ही अंगांनी धार लावली. केस कापावा अशी. मी तो परत नळीत घालून छपरात खोचला.

संध्याकाळी मासाला यायला उशीर झाला, तो झाडावर गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अजून झुंजूमुंजू होतं तेव्हा तो चढला. मी खाली उभा होतो, त्याच्या तोंडावरचं कौतुक बघायला. वर त्याचा हात दांड्यापाशी गेला. मग त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, ठेच लागल्यावर निघतो तसा. तो बराच वेळ खाली उतरला नाही. उतरला तेव्हा चाकू हातात होता, पण त्यानं तो पाहिला नाही. अंगणात न थांबता तो तडक दगडांच्या रांगेकडे गेला आणि आडव्या दगडाच्या पायथ्याशी माती उकरून चाकू पुरून आला.

संध्याकाळपर्यंत गाडग्यात काही पडलं नाही. रोज अर्धं भरायचं. तेव्हा मला उमगलं, की सपाट अंगामुळे पातं दांड्यावरून सरकत पातळ पापुद्रा काढायचं, आणि दोन्हीकडून धार लागल्यावर ते सरळ आत घुसून दांडा आटला.

सगळं गाव अंगणात जमलं. मासा मध्ये बसला आणि हळू आवाजात बोलत राहिला. चैतू आम्हाला सांगत गेला. बाबा म्हणतो, तीस वर्षं तोच चाकू, तोच हात. आज हात सरळ आत गेला. आपण दाबला नाही. तिनं हात धरून ओढला. तिला आपल्या हातचा दगड नको आहे. तिच्या आजारपणात आपण दूरच्या बाजाराला गेलो होतो आणि दोन दिवस उशिरा आलो, त्याचा राग तिच्या मनात आहे.

मग मासानं माझ्याकडे पाहून काही विचारलं. चैतू म्हणाला, "बाबा म्हणते, तुमी शिकवनारे मानूस. सांगा, चाकू आपल्या मनानं आत जाते का?"

तीन दिवस मी त्या गावाला न विचारता शिकवत होतो. रस का आंबतो, जाळ का निळा होतो, मुंग्या आंबट का लागतात. आणि आता मला विचारलं होतं. माझ्या डाव्या हाताला सलीमभाई बसले होते. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, मला त्यांचा श्वास आत गेलेला ऐकू आला. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

का दाबला याची कारणं नंतर मी स्वतःला पुष्कळ दिली. परका मुलूख, बंदीचा जिल्हा, जमलेले लोक, कोपऱ्यात टेकवलेल्या आम्हीच धार लावलेल्या कुऱ्हाडी. ती सगळी खोटी. त्या लोकांनी आम्हाला काही केलं नसतं. मला फक्त सगळ्यांसमोर मूर्ख ठरायचं नव्हतं.

मी म्हणालो, "मला सांगता येत नाही."

चैतूनं ते गोंडीत सांगितलं. मासानं मान खाली घातली. शिकलेल्या माणसालाही कारण सापडलं नाही म्हटल्यावर त्याची खात्रीच पटली.

नातेवाईक दुसऱ्या दिवशीपासून यायला लागले. डोक्यावर तांदळाच्या टोपल्या, काखेत कोंबड्या. येत, अंगणात टोपली ठेवत आणि ऐकून घेत. दुसऱ्याचा गोरगा घेऊ, असं एक-दोघांनी सुचवलं. मासा ऐकेना. दुपारनंतर लोकांनी आपापल्या टोपल्या उचलल्या आणि आले तसे रानवाटेनं परत गेले. दगड आडवाच राहिला. आम्हीही निघालो. मासानं निरोपाला माझा हात दोन्ही हातांत धरला. माझ्याच घरी वाईट झालं आणि तुमचा पाहुणचार राहून गेला, असं तो म्हणतोय, हे चैतूनं सांगितलं.

परत

परतीच्या वाटेवर लिहिण्यासारखं काही घडलं नाही. वामननं एक-दोनदा थट्टेचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. आष्टीच्या पुलावर पाणी प्यायला थांबलो तेव्हा सलीमभाई कठड्याला टेकून म्हणाले, "झूट नाई बोललो आपन, सर. पन खरं बी कुठी बोललो?"

मी म्हणालो, जाऊन सांगू कधीतरी. त्यांनी मान हलवली. पुढे राजुऱ्यात आमचं बोलणं नमस्कारापुरतं राहिलं. त्यांच्या दुकानासमोरून जाताना मी सायकल जरा जोरात मारायचो. टायर पंक्चर झालं तर दुसऱ्या गल्लीत नेऊन काढायचो, इतका मी शूर. कधीतरी जाऊन सांगायचं ते मात्र दर हिवाळ्यात पुढच्या हिवाळ्यावर ढकललं गेलं. परीक्षा आल्या, मुलीचं लग्न आलं, रस्त्यावर गडबड आहे असं ऐकलं. न जायला कारण शोधणाऱ्याला कारणं कमी पडत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात सलीमभाई गेले. छातीचं दुखणं होतं. त्यांना पोचवून कब्रस्तानातून परत आलो आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट भीती वाटली. आता ती गोष्ट सांगू शकणारा मी एकटा उरलो होतो. वामन चाकूजवळ नव्हताच, तो त्या दुपारी झोपला होता.

आठ वर्षांनी

हिवाळ्यात मी एकटा निघालो. आलापल्लीपर्यंत बसनं, पुढे भाड्याच्या सायकलीवर. वेशीपाशी पोचलो आणि उतरलो. दगडांच्या रांगेतला तो दगड उभा होता.

चैतूनं मला ओळखलं. तो आता चार लेकरांचा बाप झाला होता. मासा अंगणात खाटेवर बसलेला, दुसरा डोळाही जवळजवळ गेलेला. चैतूनं माझं नाव सांगितलं तसा त्याचा चेहरा उजळला. त्यानं हात पुढे केला, मला चाचपून पाहिलं, मग माझ्या पाठीमागे कोणी आहे का ते ऐकू लागला आणि काही विचारलं.

"बाबा इचारते, सलीमभाऊ कुठी आहे? या वर्षी काऊन नाई आला?"

मला आधी कळलंच नाही. "या वर्षी म्हणजे?"

चैतू म्हणाला, सलीमभाऊ तर दर हिवाळ्यात यायचा. तुम्ही तिघं गेलात त्यानंतर महिन्याभरातच तो एकटा सायकल मारत आला होता. आला तो अंगणात उभाच राहिला, पाणीही घेईना. बाबाला म्हणाला, तुझ्या बायकोनं हात ओढला नाही. तुझ्या चाकूला मी न विचारता धार लावली. चूक माझी आहे, ती रागावलेली नाही. बाबा त्या दिवशी तिच्या दगडाजवळ जाऊन खूप वेळ बसला. मग दोघांनी चाकू उकरून काढला. सलीमभाऊनं सहाणेचं चाक वापरलं नाही. ओल्या दगडावर, बाबा अंगठ्यानं पातं तपासून सांगेल तसा, दोन दिवस घासून त्यानं चाकू पुन्हा एकांगी केला. पुढच्या वर्षी नवा दांडा आला, रस आला, दगड उभा झाला. त्या दिवशीही सलीमभाऊ होता. आमच्यातल्या पाहुण्यासारखा बसला आणि नुसतं पाणी प्याला.

मी खाली बसलो. सलीमभाई गेले हे सांगितलं. चैतूनं बापाला सांगितलं. म्हाताऱ्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग हळूच काही म्हणाला.

"बाबा म्हणते, आमी त्याले तवाच इचारलं होतं. ते शिकवनारे सर होते, त्यायले मालूम होतं का? सलीमभाऊ म्हने, नाई, सरले काई मालूम नोतं."

सलीमभाईंना मी आयुष्यात खोटं बोलताना ऐकलेलं नव्हतं. पुलावर त्यांनी स्वतःच हिशोब केला होता, झूट नाही बोललो आपण. ते एवढं एक खोटं बोलले, ते माझ्यासाठी. आणि आठ वर्षं मी त्यांच्या दुकानासमोरून मान वळवून जात होतो.

मी चैतूला म्हणालो, "हे खरं नाही. मला माहीत होतं. चाकू छपरातून मीच काढला. सलीमभाई नको म्हणत होते, मी जबरदस्तीनं धार लावायला लावली. त्या संध्याकाळी ते सांगायला निघाले होते, मी त्यांना दाबून गप्प बसवलं. तुझ्या वडिलांना सांग."

चैतू माझ्याकडे पाहत राहिला. रागानं नाही. जंगलात वाट विचारणाऱ्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

"मी नाई सांगत, सर," तो म्हणाला. "सलीमभाऊ आठ वर्स येत राह्यला त्या गोष्टीपायी. आता तो मेला. बाबाले मी हे सांगतलं तर बाबाच्या मनात सलीमभाऊ खोटा होऊन जाईन. तुमाले हलकं वाटाव म्हनून त्याले खोटा काऊन करू?"

गोंडी मला येत नव्हती आणि म्हाताऱ्याला मराठी येत नव्हती. जे सांगायला मी आठ वर्षांनी इतक्या दूर आलो होतो, ते आता मध्ये बसलेल्या या माणसाशिवाय पलीकडे जाणार नव्हतं. आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं.

मला रडू आलं, ते मी आवरू शकलो नाही. मासानं आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला, माझा खांदा सापडला, त्यावर थोपटलं आणि चैतूला काही विचारलं. चैतूनं त्याला दोन-तीन वाक्यांत काहीतरी सांगितलं. म्हातारा मान हलवत राहिला आणि माझ्या खांद्यावर थोपटत राहिला.

चैतूनं काय सांगितलं ते मी विचारलं नाही. बहुतेक त्यानं सांगितलं असावं, की सरांचा मित्र गेला, म्हणून सर रडतात.